ब्रेकमावशीची साक्ष

माझी मावशी सोफ्यावर बसूनही ब्रेक मारते.

टीव्हीवर एखादी गाडी वळणावर जोरात आली, की तिचा उजवा पाय आपोआप पुढे सरकतो आणि फरशीवर दाणकन आपटतो. बशीतला चहा हिंदकळतो, मांजर पलंगाखाली पळतं आणि काका पेपरातून डोकं वर न काढता विचारतात, "थांबली का?"

"थांबली. थोडक्यात वाचली हो!" मावशी म्हणते.

बसमध्ये तेच. सिनेमाला गेलो तर पुढच्या खुर्चीवाल्याची माफी मागायची जबाबदारी माझी. एकदा दाताच्या डॉक्टरांनी ड्रिल तोंडाजवळ आणलं तेव्हाही तिने ब्रेक मारला होता, आणि डॉक्टर खरंच थांबले होते.

हा पाय तिच्या धंद्याने घडवलाय. मावशी गाडी चालवायला शिकवते. माझी ती सख्खी मावशी, पण तिच्या हाताखालून शिकून गेलेल्या सगळ्या बायकांची, त्यांच्या मुलांची, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याची, इतकंच काय चौकातल्या वाहतूक पोलिसाचीही ती ब्रेकमावशी.

तिची गाडी छोटी, पांढरी आणि चारही कोपऱ्यांना ठोकलेली. तिचे नटबोल्ट मीच बघते, त्यामुळे तिच्या पोटातलं मला पाठ आहे. शिकणारीच्या पायाशी जसे क्लच आणि ब्रेक असतात, तशीच आणखी एक जोडी शेजारच्या सीटपुढे, मावशीच्या पायाशी असते. दोन्ही जोड्या खालून सळईने जोडलेल्या. मावशीने तिच्या बाजूला पाय दाबला की शिकणारीच्या बाजूचा ब्रेक आपसूक खाली जातो. बाहेरून यातलं काही दिसत नाही. रस्त्यावरच्या माणसाला स्टिअरिंग धरलेली बाई दिसते. त्याला वाटतं, हीच चालवतेय.

मावशी या धंद्यात आली ती फोन उचलायला. ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरवर बसायचं, वेळा द्यायच्या, एवढंच काम. तिथला शिकवणारा फार तापट. एक दिवस त्याने एका बाईला भर चौकात इतकं झापलं, की ती गाडी तिथेच सोडून फुटपाथवर जाऊन रडत बसली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ! मावशी काउंटरवरून उठून चौकात गेली. त्या बाईशेजारी फुटपाथवर बसली आणि म्हणाली, "तुम्ही काय करता?"

"शिवणकाम," बाई हुंदके देत म्हणाली.

"मग तुम्हाला क्लच येतो की! नाजूक कापडावर मशीनचं पायडल कसं दाबता? एकदम दाबलं तर काय होतं?"

"सुई तुटते."

"झालं तर. चला, सुई न तोडता परत जाऊ."

गाडी स्कूलपर्यंत आली. दुसऱ्या दिवशी त्या बाईने सांगितलं, मला फोनवाल्या ताईच शिकवणार असतील तर मी येते. मग तिची बहीण आली, तिची मैत्रीण आली. तापट शिकवणारा फोन उचलायला बसला. (फोनवरही ओरडायचा.)

मावशीची शिकवायची रीत तेव्हापासून तीच आहे. पुस्तकातलं काही सांगायचं नाही. समोरच्याच्या घरातली गोष्ट सांगायची. स्वयंपाक करणारीला दूध उतू जायच्या आधीचा क्षण सांगायचा, नर्सला इंजेक्शनचा दट्ट्या, शाळेच्या बाईंना शेवटच्या बाकावरची खोडकर पोरं. "माझी गोष्ट मला कळून काय उपयोग?" ती म्हणते. "ऐकणारीला ती आपल्या घरात घडल्यासारखी वाटली पाहिजे. मग पाय आपोआप बरोबर जागी पडतो."

शिकणाऱ्यांची नावं तिच्या लक्षात राहत नाहीत, वेळा राहतात. सकाळवाली, साडेनऊवाली, शाळा सुटल्यावरची. आणि जिच्यामुळे आम्ही सगळे कोर्टाच्या पायऱ्या चढलो, ती दुपारवाली.

दुपारवाली चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. बारीक अंगाची, मोजकं बोलणारी. फ्रेममध्ये काच बसवताना किती दाब द्यायचा हे तिच्या बोटांना इतकं ठाऊक होतं, की क्लच तिला पहिल्याच दिवशी जमला. नवऱ्यानेच तिला शिकायला पाठवलं होतं, त्याच्या आईला दवाखान्यात नेता यावं म्हणून. मग तो कामासाठी महिनाभर परगावी गेला. त्याच महिन्यात एक गोष्ट सुरू झाली.

शिकवणी अर्ध्यावर आली की तिचा फोन वाजायचा. ती गाडी कडेला घ्यायची, फोन स्पीकरवर टाकायची. पलीकडून एकच वाक्य यायचं.

"हॉर्न वाजव."

ती वाजवायची. पींऽऽ.

"परत."

पींऽऽ. मग फोन बंद.

पहिल्यांदा मावशीला गंमत वाटली. "कौतुक आहे बाई तुझ्या नवऱ्याला!" असं ती म्हणालीसुद्धा. दुपारवाली हसली. पण मावशी शिकवताना चेहऱ्याकडे बघत नाही, हातांकडे बघते, आणि ते हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. त्यानंतर मावशी रोज तो हॉर्न ऐकायची आणि रोज त्या हातांकडे बघायची.

नवरा परत आला आणि त्याच आठवड्यात दुपारवाली मोडलेलं मनगट घेऊन दवाखान्यात दाखल झाली. तिथून ती घरी गेलीच नाही. मुलीला शाळेतून परस्पर घेतलं, एका मैत्रिणीच्या खोलीत राहायला गेली आणि कोर्टात अर्ज केला. मागणी साधी होती. नवऱ्याने तिच्या, मुलीच्या आणि दुकानाच्या आसपास फिरकू नये, असा आदेश द्यावा.

खालच्या कोर्टाने तो दिला नाही!

मनगट मोडलं होतं हे कोर्टाला मान्य होतं. डॉक्टरांचे कागद होते, आधीच्याही जखमांचे होते. पण निकालात म्हटलं होतं, नवरा महिनाभर गावात नव्हता. दाराला कुलूप नव्हतं. बाईला गाडी येत होती, घरात गाडी होती, किल्ली तिच्याकडे होती. तरी ती गेली नाही. ज्याला खरी भीती असते तो संधी मिळताच पळतो. शिवाय जो नवरा बायकोला स्वतःहून ड्रायव्हिंग शिकायला पाठवतो, तो तिला कोंडून ठेवतो असं कसं म्हणावं?

त्या दिवसापासून नवरा रोज संध्याकाळी चष्म्याच्या दुकानासमोर येऊन उभा राहू लागला. काही बोलायचा नाही, फक्त उभा राहायचा. दुपारवालीच्या हातून काचा फुटायला लागल्या. मालक चांगला होता, पण तोही किती दिवस चांगला राहणार? तिने वरच्या कोर्टात अपील केलं. तिथेही हेच झालं असतं, तर नोकरी, गाव, मुलीची शाळा सगळं सोडून तिला कुठेतरी निघून जावं लागलं असतं. नाहीतर परत त्याच घरात.

वरच्या कोर्टाने मावशीची साक्ष घ्यायला परवानगी दिली. दुपारवालीची वकीलबाई तरुण होती, हुशार होती आणि भयंकर घाबरलेली होती. कोर्टाच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती मावशीला समजावत होती.

"मावशी, विचारतील तेवढंच बोलायचं. हो किंवा नाही. गोष्टी नाही सांगायच्या."

"अगं, गोष्ट नाही सांगायची म्हणजे गिअर न टाकता गाडी चालव म्हणतेस मला!"

"मावशी, प्लीज. या न्यायाधीश मॅडम फार कडक आहेत. बायकांच्या बाबतीत तर जास्तच. 'बाईने स्वतःच्या पायावर उभं राहावं' हे त्यांचं ठरलेलं वाक्य आहे."

मावशी खिडकीतून खाली अंगणात बघत होती. एक निळी गाडी आत आली, दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उलटी वळली आणि एका झटक्यात बरोबर मधोमध उभी राहिली. आतून पांढऱ्या केसांची एक ताठ बाई उतरली.

"वा!" मावशी म्हणाली. "कोण गं ही?"

"त्याच मॅडम," वकीलबाई म्हणाली.

खोली लहान होती. वर न्यायाधीश मॅडम, खाली टंकलेखक, एका बाजूला इस्त्रीच्या शर्टातला नवरा, दुसऱ्या बाजूला दुपारवाली. ती आपल्या मनगटाकडे बघत बसली होती. मी मागच्या बाकावर. मावशी साक्षीदाराच्या लाकडी पिंजऱ्यात चढली तेव्हा फळ्या करकरल्या.

नवऱ्याच्या वकिलांचा आवाज इतका गोड होता, की त्यांनी दगडाला विचारलं असतं तरी त्याने 'हो' म्हटलं असतं.

"मावशी म्हणू ना तुम्हाला? सगळेच म्हणतात. तर मावशी, या बाईंना तुमच्याकडे कोणी पाठवलं?"

"नवऱ्याने."

"अंगणात शिकवता की रस्त्यावर?"

"रस्त्यावर."

"त्या रस्त्यात पोलीस चौकी लागते?"

"लागते."

"स्टिअरिंग कोणाच्या हातात असतं?"

"तिच्या."

"मग चौकीकडे गाडी वळवायला तिला कोणी हात धरून अडवलं होतं?"

"तसं बघायला गेलं तर, साहेब..."

"हो की नाही, मावशी?"

मावशीने वकीलबाईकडे पाहिलं. वकीलबाईने डोळे मिटून घेतले.

"नाही," मावशी म्हणाली.

टंकलेखकाने ते 'नाही' टकटक करून उमटवलं, आणि मला वाटलं, संपलं. एवढ्या गोष्टी सांगणाऱ्या बाईला यांनी एका शब्दात गुंडाळून ठेवलं.

वकीलसाहेब आता रंगात आले होते. न्यायाधीशांकडे वळून, हात हवेत फिरवत ते म्हणाले, "मॅडम, चित्र डोळ्यांसमोर आणा. मोकळा रस्ता. हातात गाडी. नवरा शेकडो मैल दूर. मनात आणलं असतं तर या बाई सुसाट निघाल्या असत्या, वळणावरून भरधाव, समोरून ट्रक आला तरी..."

दाण्!

पिंजऱ्याची फळी इतक्या जोरात वाजली, की टंकलेखक खुर्चीतून अर्धा उठला.

"काय झालं?" न्यायाधीश मॅडम म्हणाल्या.

मावशीचा चेहरा लालबुंद. "माफ करा मॅडम. ब्रेक लागला."

"काय लागला?"

"ब्रेक. साहेबांनी ट्रक इतका अचानक आणला की पाय गेला. सवय आहे हो."

मागच्या बाकांवर हशा पिकला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा नीट केला आणि गाडी चालवणाऱ्या माणसाच्या कुतूहलाने विचारलं, "पण ब्रेक तर चालवणाऱ्याकडे असतो. तुम्ही शेजारी बसता ना?"

बस्स! मी मावशीचे डोळे पाहिले. गिअर पडला होता.

"असतो ना तिच्याकडे. माझ्याकडेही असतो. आणि दोघींनी एकदम मनात आणलं, तर माझंच चालतं."

"मॅडम, हे प्रश्नाला धरून नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"प्रश्न आता मी विचारते आहे," मॅडम म्हणाल्या. "बोला तुम्ही."

"साहेबांनी विचारलं, स्टिअरिंग कोणाच्या हातात. मी खरं तेच सांगितलं. ब्रेक कोणाच्या पायाखाली, हे त्यांनी विचारलंच नाही." आणि मग मावशीने हॉर्नची गोष्ट सांगितली. फोन कसा वाजायचा, गाडी कशी कडेला जायची, एकच वाक्य कसं यायचं. 'परत' म्हणताना तिने त्या माणसाचा आवाज असा काढला, की नवरा खुर्चीत सरळ होऊन बसला.

"बायकोची चौकशी करणं हा काही गुन्हा नाही," वकीलसाहेब म्हणाले.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हे बघा, फोन करायचा हे मान्य. पण माणूस परगावी होता. तिथून तो हिला धरून ठेवू शकत नव्हता. खरं सांगू? मी तिच्या जागी असते तर पहिल्याच तासात निघाले असते."

दुपारवालीने मान आणखी खाली घातली.

मावशीने मॅडमकडे निरखून पाहिलं. नव्या शिकणारीकडे ती असंच बघते, हिच्या घरात कोणती गोष्ट आहे ते शोधत.

"मॅडम, सकाळी तुम्ही गाडी लावलीत ती मी वरून पाहिली. एका झटक्यात! माझ्या शिकवलेल्यांत तशी कोणी लावत नाही. तुम्हाला सांगायला माझ्याकडे गोष्ट नाही, गाडी आहे. खाली उभी आहे. एक चक्कर मारता?"

वकीलबाईने दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"मॅडम, हे कोर्ट आहे!" वकीलसाहेबांचा आवाज पहिल्यांदाच गोड राहिला नाही. "हे नाटक चाललंय."

"साक्षीतली वस्तू पाहायचा मला अधिकार आहे," मॅडम उठत म्हणाल्या. "आणि नाटक असेल, तर तुम्ही मागच्या सीटवरून बघा. दोन्ही वकिलांनी चला. टंकलेखक, तुम्हीही. शब्द न् शब्द लिहायचा."

म्हणून त्या सकाळी कोर्टाच्या अंगणात लोकांनी हे पाहिलं: ठोकलेल्या पांढऱ्या गाडीत, 'शिकाऊ' अशी पाटी लावून, न्यायाधीश मॅडम स्टिअरिंगवर, शेजारी मावशी आणि मागे दोन वकिलांच्या मध्ये मांडीवर वही घेऊन चेंगरलेला टंकलेखक. मी आणि दुपारवाली पायऱ्यांवर उभ्या होतो. गाडीच्या काचा खाली होत्या, त्यामुळे बरंचसं ऐकू येत होतं. राहिलेलं मी नंतर नोंदीत वाचलं.

"माझ्या पायाशीही ब्रेक आहे, विसरू नका हं," मावशीने आधीच सांगून टाकलं. मग विचारलं, "तुम्ही कोणाकडे शिकलात?"

"वडिलांकडे," मॅडम म्हणाल्या आणि गाडी झकास निघाली. अंगणाच्या मध्यावर एक मोठं झाड आहे, त्याला वळसा घालून पहिली फेरी झाली. वडील कसे शिकवायचे, गावाबाहेरच्या उतारावर कसं नेऊन सोडायचे, मॅडम सांगत होत्या. मावशी 'हो का?', 'मग?' करत होती. दुसऱ्या फेरीत, झाडाच्या अलीकडे, गाडी अचानक जड झाली. मॅडमनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरलं, गाडीने आचका दिला आणि बंद पडली. मागे तीन डोकी पुढच्या सीटवर आदळली.

मॅडमनी खाली, स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"माझं काय चुकलं?"

मावशीने नुसतं किल्लीकडे बोट दाखवलं.

पुन्हा सुरू केली. जरा वेग घेतला, पुन्हा तोच आचका. "क्लच लवकर सोडला वाटतं मी," मॅडम म्हणाल्या. "गाडी सवयीची नाही ना." तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा त्या मागे वळून म्हणाल्या, "सॉरी हं."

मग शेवटची फेरी. गाडी अशी चालली, की शेजारून जाणाऱ्या शिपायाने तिला मागे टाकलं. झाडापाशी तर ती जवळजवळ थांबलीच. मॅडमचे खांदे वर चढले होते, मान आवळलेली. पायऱ्यांशी येऊन त्यांनी गाडी उभी केली आणि हुश्श केलं.

"मॅडम," मावशी हळूच म्हणाली, "शेवटची फेरी एवढी सावकाश का घेतलीत?"

"तुम्ही ब्रेक माराल म्हणून. कळलं मला नंतर, तो तुमचाच पाय होता."

"माझे पाय बघा."

मॅडमनी पाहिलं. मागच्यांनीही वाकून पाहिलं. मावशी सीटवर मांडी घालून बसली होती. चपला खाली, रबराच्या चटईवर.

"कधीपासून?" मॅडमचा आवाज एकदम बारीक झाला.

"ही शेवटची अख्खी फेरी. माझा पाय ब्रेकच्या जवळसुद्धा नव्हता. आणि एक सांगू का? मी आधीच बजावलं होतं, माझ्याकडे ब्रेक आहे. तरी गाडी थांबली तेव्हा तुम्ही माझ्याकडे नाही बघितलंत, स्वतःच्या पायांकडे बघितलंत. एवढी छान गाडी चालवणाऱ्या तुम्ही! हे तीन आचक्यांत झालं, मॅडम. तिने तर वर्षं काढली आहेत."

मग मागच्या सीटवरून टंकलेखकाचा आवाज आला. "मॅडम, ते 'सॉरी' लिहू का?"

"लिहा," मॅडम म्हणाल्या. "जसं म्हटलं तसं लिहा."

खोलीत परत आल्यावर त्या आपल्या खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि आधी वकीलसाहेबांचं समाधान केलं. अंगणातली गाडी हा घरात काय घडलं याचा पुरावा नाही, त्यासाठी डॉक्टरांचे कागद आहेत आणि ते पुरेसे बोलतात. उरला होता तो एकच प्रश्न. तो त्यांना नव्याने विचारायचा होता. त्यांनी दुपारवालीला समोर बोलावलं.

दुपारवाली पिंजऱ्यात उभी राहिली. 'का नाही गेलात?' हेच पुन्हा ऐकायच्या तयारीने ती उभी होती, हे मला पाठीमागूनही दिसत होतं.

"त्या महिन्यात तुम्ही निघून गेला असता," मॅडमनी विचारलं, "तर काय झालं असतं, असं तुम्हाला वाटत होतं?"

दुपारवालीने मान वर केली. बहुधा हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता.

"मुलगी," ती म्हणाली. मग नीट बोलली. "मुलीला शाळेतून माझा दीर आणायचा. नवरा म्हणाला होता, हॉर्न वाजला नाही तर मुलगी घरी येणार नाही. एकदा गाडी वळणात होती, फोन घ्यायला उशीर झाला. त्या दिवशी ती अंधार पडल्यावर आली. कुठे नेलं होतं विचारलं, तर म्हणाली, काकाने गाडीत बसवून ठेवलं होतं. नुसतंच. त्यानंतर मी कधी उशीर केला नाही. चौकी रोज दिसायची मला. पण शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे."

नवरा वकिलांच्या कानात काहीतरी पुटपुटला. वकीलसाहेब उठले. "एवढी मोठी गोष्ट खालच्या कोर्टात का सांगितली नाहीत?"

"तिथे विचारलं होतं, का नाही गेलात. मी म्हटलं, भीती वाटायची. न्यायाधीश म्हणाले, ठीक आहे, पुढे चला."

वकीलसाहेब खाली बसले. मॅडमनी शाळेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला आणि वर्गाच्या बाईंना पुढच्या तारखेला बोलावलं. दोघांनीही सांगितलं, हो, त्या महिन्यात मुलीचे काकाच यायचे.

निकालाच्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मावशीच्या सकाळवाल्या, साडेनऊवाल्या, शाळा सुटल्यावरच्या, सगळ्या आल्या होत्या. चष्म्याच्या दुकानाचा मालक दुकान बंद करून आला होता. मॅडमनी निकाल वाचायला सुरुवात केली तेव्हा दुपारवालीने माझा हात धरला, आणि काच बसवणाऱ्या त्या बोटांचा दाब किती असतो ते मला पहिल्यांदा कळलं.

आदेश मिळाला! घर, शाळा, दुकान, तिन्ही ठिकाणी नवऱ्याला आणि दिराला मनाई. आणि मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी वाचलं, "दार उघडं होतं म्हणून बाई मोकळी होती, असं धरता येणार नाही. ती का गेली नाही, हे विचारण्याआधी, ती गेली असती तर काय झालं असतं, हे कोर्टाने विचारलं पाहिजे. या कोर्टानेही ते आजवर नेहमी विचारलेलं नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी कागदावरून नजर काढून म्हटलं.

बाहेर वकीलबाई नाचायचीच बाकी होती. "मावशी, हे वाक्य मी आता प्रत्येक केसमध्ये वाचणार!" आणि ती वाचते. नुसती तीच नाही, दुसरेही वाचतात. ज्या खालच्या कोर्टाने अर्ज फेटाळला होता, तिथेही आता साक्षीदाराला आधी हा दुसरा प्रश्न विचारतात असं ती सांगते. त्या न्यायाधीश मॅडमनी तर नव्या न्यायाधीशांच्या शिबिरात मावशीला गाडीसकट बोलावलं. आमचे काका म्हणाले, "आता सगळी न्यायव्यवस्था आचके खाणार."

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्ही तिघी अंगणात उतरलो. मावशीने किल्ली दुपारवालीच्या हातात दिली.

"मनगट?" मी विचारलं.

"बरं आहे," ती म्हणाली आणि चालवायला बसली. मावशी शेजारी, मी मागे. गाडी फाटकातून बाहेर पडली. दुपारवालीने आरशात पाहिलं, रस्ता पाहिला. मग काहीच कारण नसताना तिने तळहात हॉर्नवर ठेवला आणि दाबला. पींऽऽऽऽ! अख्खा रस्ता वळून बघेपर्यंत तिने हात उचलला नाही.

"अगं अगं, काय करतेस!" मावशी ओरडली. "कोर्टासमोर हॉर्नला बंदी आहे! कोणी सांगितलं वाजवायला?"

"कोणीच नाही," दुपारवाली म्हणाली. आणि परत वाजवला.

मागून वाहतूक पोलिसाची शिट्टी आली. मी पुढे वाकून मावशीच्या पायांकडे पाहिलं. तिने मांडी घातली होती.

"वाजवू दे त्याला शिट्टी," ती म्हणाली. "तू दुसरा गिअर टाक."